भातावरची अंबाडी

भातावर अंबाडी वाढलेली दिसली की आजही माझा हात आधी पदराकडे जातो, डोकं झाकायला. सुनेला त्याचं भारी हसू येतं. "आई, भाजी आहे ती, सासरे नाहीत," म्हणते. हस बाई. आमच्या घरी अंबाडी खायची ती भाकरीशी. ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली, वरून लसणाचं कडकडीत तेल, शेजारी फोडलेला कांदा. भात मुळात सणावारी. रोज भात खाणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर परमुलखातला, असं माझी आत्या म्हणायची. आणि भातावर अंबाडी वाढायची ती वर्षातून एकदाच, पित्रांच्या दिवशी, कावळ्यासाठी छपरावर ठेवायच्या पानात. जित्या माणसानं तो घास तोंडात घालायचा नाही. का, म्हणून विचारलं की आत्या डोळे वटारायची, "इचारू नको. पाळ." मी पाळत आले होते, अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत.

तेव्हा आम्ही जालन्याला एमआयडीसीच्या टोकाला राहायचो, बियाण्याच्या एका प्लांटमागच्या चाळीत. दोन खोल्या, वर पत्रा, मागं कंबरेइतक्या भिंतीचं परसू. दादा, म्हणजे माझे वडील, प्लांटात बी चाळायच्या मशीनवर होते. हसनाबादची जमीन काका बघायचे, तिकडून ज्वारीची पोती यायची, त्यामुळं पोटाची चिंता नव्हती. संध्याकाळी दादा घरी यायचे ते गुलाबी होऊन. बियाण्याला चोळायच्या औषधाचा रंग भुवयांवर, कानात, नखांत. माय त्यांना अंगणातच अडवायची आणि डोक्यावर दोन बादल्या ओतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. मशीन दिवसभर धडधडायची, पलीकडं रोलिंग मिलमध्ये लोखंड आदळायचं, आणि आम्ही सगळी माणसं ओरडून बोलायचो. पाहुण्यांकडं गेलो की त्यांना वाटायचं, यांची भांडणं चालू आहेत. फक्त दुपारी बाराला जेवणाची सुट्टी झाली की मशीन बंद पडायची. त्या अर्ध्या तासात इतकं शांत व्हायचं की तव्यावर भाकरी फुगलेली ऐकू यायची. मी जे सांगणार आहे ते सगळं त्या अर्ध्या तासातलं आहे, भर दुपारचं, लख्ख उजेडातलं. अंधारातलं असतं तर मीच म्हटलं असतं, पोरीला भास झाला.

आत्या दादांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच. तोंडानं फटकळ, पण मायला बाळंतपणात तिनंच उचलून धरलं होतं. माझ्या पाठीवर मायचे दोन जीव गेले होते, दोन्ही सहाव्या महिन्याच्या आतबाहेर. आत्यानं त्याचं खापर नेहमी कशावर तरी फोडलं. एकदा ग्रहणावर, एकदा मायनं विहिरीजवळ ऐकलेल्या कुणाच्या तरी मरणाच्या बातमीवर. "पोटुशा बाईच्या कानावर वंगाळ पडू न्हाई, नाळ आखडती," असं ती इतक्या वेळा म्हणाली होती की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

आमच्या खोलीला लागून रत्नम्मा राहायची. मधे एकच भिंत. इकडं आमची चूल, तिकडं तिची. तिचा नवरा राजय्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर. करीमनगरकडची माणसं. तिला मराठी येत नव्हतं, मायला तेलुगू येत नव्हतं, तरी दोघींचं त्या मोडक्या हिंदीत असं काही जुळलं होतं की दादा म्हणायचे, या दोघी मागच्या जन्मीच्या जावा. रत्नम्मानं परसात अंबाडीचा वाफा केला होता. ती त्याला पुंटीकूर म्हणायची. दुपारी मशीन थांबली की भिंतीवर वरवंट्याचे दोन ठोके पडायचे, ठक्, ठक्. मग मोहरीचा, लाल मिरचीचा, हिंगाचा आणि त्या आंबट पाल्याचा वास पत्र्याखालून आमच्याकडं उतरायचा. माय पदराआड वाटी घेऊन परसात जायची. परसभिंतीवरून वाटी भरून यायची, हिरवट काळा भात, मधे शेंगदाणे, तेलानं चकाकणारा. माय तिथंच उभ्यानं खायची. मलाही एक घास मिळायचा, तोंड दाबून. आत्याला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

माय तिला रोज विचारायची, कसा करतेस गं? आणि रत्नम्मा रोज हसायची. "अभी नक्को, वहिनी. सिखा दी तो तुम वाटी लेके आते क्या?" मला मात्र तिनं एक गोष्ट शिकवली होती, माझं नाव तेलुगूत लिहायला. नंदा. गोल गोल, जिलबी काढल्यासारखं. मी ते पाटीवर, दारावर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडं काढत सुटले होते.

आषाढ सरता सरता रत्नम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. राजय्यानंही रजा काढली. तिनं मायच्या हातात खोलीची चावी दिली, वाफ्याला पाणी घाल म्हणाली, आणि मग मायच्या पोटाकडं बघून हळूच हसली. माय तिसऱ्या महिन्यात होती. आत्याखेरीज अजून कुणाला सांगितलं नव्हतं. "अब सिखाती," रत्नम्मा म्हणाली. "वापस आके पक्का सिखाती. दो ठोके मारती, समझ जाना." टेम्पोत बसल्यावरही तिनं दोन बोटं वर करून दाखवली होती, ते मला अजून दिसतं.

भादव्याच्या सुरुवातीला पोस्टमन आला. सकाळची शाळा सुटून मी नुकतीच दारात पोचले होते. त्यानं माझ्याच हातात कार्ड दिलं. पत्ता कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेला, दादांच्या नावानं. मागं सगळं तेलुगू, मुंग्यांची रांग लागावी इतकं बारीक. मला आधी आनंदच झाला, ती गोल अक्षरं बघून. मग कार्ड उलटं केलं आणि दिसलं, एक कोपरा नव्हता. फाटलेला नव्हे, फाडलेला, नीट, तिरका.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून धाडायचे. असं कार्ड उंबऱ्याबाहेरच वाचायचं, वाचलं की तिथंच फाडून टाकायचं, घरात आणायचं नाही. आत्याचा नवरा गेल्याचं कार्ड असंच आलं होतं; दादांनी ते अंगणात उभं राहून वाचलं आणि तेव्हा चार दिवसांसाठी माहेरपणाला आलेली आत्या आतून विचारत राहिली, कुणाचं हाये, कुणाचं हाये. मला बराबर समजलं की कार्डात काय आहे. एक ओळ वाचता येत नसताना समजलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि माय गुणगुणत होती. चौथा महिना लागला होता. मी कार्ड भूगोलाच्या पुस्तकात घातलं, पुस्तक दप्तरात, दप्तर आतल्या खुंटीला, आणि पाटावर जाऊन बसले. माझ्या आयुष्यात मी मुद्दाम केलेली ती पहिली मोठी गोष्ट. मला वाटलं, मी मायला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मशीन थांबली. माय परातीत भाकरी थापत होती, आत्या कांदा फोडत होती, मी चुलीसमोर. आणि भिंतीवर ठोके पडले. ठक्, ठक्.

मायचा हात पिठावरच थांबला. आत्या म्हणाली, "आली का गं ती? सांगितलं बी न्हाई." मी परसात पळाले. पलीकडच्या मागच्या दाराला कुलूप, पुढच्या दाराला कुलूप, वाफ्यात अंबाडी गुडघ्याला लागलेली. परत आले तर घरात तो वास भरला होता. मोहरी, मिरची, हिंग, आंबट पाला. आत्यानं नाक मुरडलं आणि मग तिच्याच लक्षात आलं, कुलूप आहे. तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. माय ओल्या पिठाचा हात भिंतीला लावून उभी राहिली, एखाद्याच्या कपाळाला ताप बघायला लावावा तसा.

मंग रोजच सुरू झालं. मशीन थांबायची आणि ठोके पडायचे, ना एक जास्त ना एक कमी. आत्यानं दाराला लिंबू बांधलं, बिब्बा बांधला, गोमूत्र शिंपडलं. दादांना सांगितलं तर ते हसले, "मशिनीचा हादरा हाये, आक्का. लोखंडी बूड हाये तिचं, जमीन हलती." आत्या म्हणाली, "आरं, मशीन बंद पडल्यावरच वाजून राह्यलं ना ते!"  रविवारी दादांनी चावी घेतली आणि पलीकडची खोली उघडली. मी त्यांच्यामागं उंबऱ्यात उभी होते. चूल पोतेरा घालून कोरडी, राख काढलेली. वरवंटा पाट्यावर आडवा. आणि जमिनीवर धूळ, पत्र्याच्या भोकातून पडणाऱ्या उन्हात अगदी सारखी पसरलेली, पाऊल नाही, उंदराचं सुद्धा नाही. दादांनी चुलीमागच्या भिंतीला हात लावला आणि झटकन काढला. "उन्हानं तापली," म्हणाले. ती भिंत दोन खोल्यांच्या मधली. तिला ऊन लागायची काही सोयच नव्हती. मीही नंतर आमच्या बाजूनं हात लावून बघितला. गरम होती ती. बिलकुल खोटं सांगत नाही.

मला तेव्हा भुताची भीती वाटत होती का? वाटत होती, पण तिच्याहून जास्त दप्तराची वाटत होती. रात्री उशाला, सकाळी पाठीवर, ते कार्ड मी घेऊन हिंडत होते. शाळेत भूगोलाचा तास आला की मी माझं पुस्तक न काढता शेजारणीच्या पुस्तकात बघायचे. आत्यानं एकदा पुटपुटत म्हटलं, "घरात कायतरी हाये, जे असाया नको," आणि मी घोटभर पाणी प्यायला उठले ते परसात जाऊन ओकले. बोलले तर मायचं बाळ जाणार, नाही बोलले तर हे ठोके थांबणार नाहीत. अकराव्या-बाराव्या वर्षी माणसाला विचारायला कुणी नसतं.

एका बुधवारी, सण नाही, आमच्या पित्रांची तिथी नाही, माय सकाळीच वाफ्यात उतरली. मी शाळा बुडवून घरीच होते. ओच्यात भरून अंबाडी आणली, धुतली, आणि चिरायच्या ऐवजी दादांच्या जुन्या धोतरावर सावलीत पसरून ठेवली. आत्या बघत राहिली. माय तांदळाच्या डब्याकडं गेली. भात केला, मोकळा, आणि परातीत पसरून त्यावर कच्चं तेल ओतलं, हळद टाकली, मीठ टाकलं. मेथीदाणे लाल होईस्तोवर भाजले, तिळाबरोबर कुटले. पाला तेलात परतला, आपसूक विरघळून त्याचा लगदा होईपर्यंत, आणि त्यात मिठाचा कण टाकला नाही. तिचे हात कुठं अडत नव्हते. जिनं आयुष्यात कधी ती गोष्ट केली नव्हती, कुणाला करताना बघितली नव्हती, ती बाई कशाचीही चव न घेता करत होती. मधेच थांबायची, मान जराशी भिंतीकडं कलती करायची, आणि मग पुढचं करायची. आत्या शेवटी ओरडली, "सुमन! भातावर अंबाडी? जित्या घरात? पोटातल्याचा तरी इचार कर!"

माय शांतपणे म्हणाली, "आक्का, मीठ भाजीत टाकायचं न्हाई. भातातच टाकायचं. न्हाईतर पाला काळा पडतो."

"कुणी सांगितलं तुला?"

 मायनं दोन पानं वाढली, एक स्वतःपुढं आणि एक भिंतीपाशी. मशीन थांबली. ठोके पडले, ठक्, ठक्, आणि या वेळी मी खुंटीवरचं दप्तर हललेलं बघितलं. त्या भिंतीलाच होती ती खुंटी.

मग माझा बांध फुटला. मी दप्तर ओढून काढलं, भूगोलातून कार्ड काढलं आणि मायच्या पुढं टाकून हमसून हमसून रडायला लागले. आत्यानं फाडलेला कोपरा बघितला आणि कपाळावर हात मारला. "आगं ये भवाने! घरात ठिवलं? मयताचं कार्ड घरात?" तिनं मला एक धपाटा घातला आणि लगेच मायकडं वळली, तिला धरायला, ती पडेल म्हणून. माय पडली नाही. तिनं कार्ड उचललं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"ठाऊक हाये मला," ती म्हणाली.

"कवापासून?" मी विचारलं.

"पहिल्या ठोक्यापासून. तिनं सांगितलंच होतं ना, वापस आल्यावर दोन ठोके मारीन."

"मंग तू बोलली का न्हाईस?"

मायनं मला जवळ ओढलं. तिच्या हाताला मेथीचा आणि तिळाचा वास येत होता. "मला माझा निरोप भेटला व्हता, नंदे. रोज रोज ती काही मला नव्हती बोलावून राह्यली. ठोके तुझ्यासाठी व्हते."

आत्या म्हणाली, फाड ते आधी, उंबऱ्याबाहेर जाऊन फाड. माय म्हणाली, न वाचता फाडायचं नसतं. तिनं काय धाडलंय ते तरी कळू द्या. आत्याला ते पटलं, कारण रिवाज तसाच होता. संध्याकाळी दादा मिलमधून मल्लय्याला घेऊन आले. तो राजय्याच्याच गावाकडचा, भट्टीवरचा म्हातारा मजूर. त्याला अंगणात खाट टाकली. त्यानं चष्मा लावला, कार्ड डोळ्यांशी नेलं, आणि तुटक हिंदीत सांगायला लागला. रत्नम्मा बाळंतपणात गेली. मुलगी आहे, चांगली आहे, आजीजवळ आहे. राजय्या आता येणार नाही, भांडी कुणाला तरी देऊन टाका. मग मल्लय्या अडखळला. कार्ड उलटंसुलटं करून बघितलं. "ये क्या लिखा रे," म्हणाला. "खाने का लिखा. बोली थी वो, मरने के पहले. वहिनी को बोलो." आणि एकेक वाक्य वाचलं. पाला धुऊन कपड्यावर सावलीत वाळव. भात पसरून कच्चं तेल आणि हळद घाल. मेथी लाल भाज, तिळासंगं कूट. "नमक भाजी में नक्को, चावल में डालना. नहीं तो काला होता."

 आत्या मायकडं बघत होती, दादा आत्याकडं. मल्लय्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो चष्मा पुसत बसला होता. ते कार्ड अठरा दिवस माझ्या दप्तरात होतं आणि आमच्या घरात कुणालाही त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. इतक्या वर्षांत मी हे सगळं हजारदा उलगडून बघितलं. माय परसभिंतीवरून कधीतरी डोकावली असेल, वासावरून ओळखलं असेल, म्हणायला सगळं म्हणता येतं. मिठाचं मात्र मला अजून उमगत नाही.

मायनं उंबऱ्याबाहेर उभं राहून कार्डाचे तुकडे केले. आत्या आत गेली, दुपारपासून भिंतीपाशी झाकून ठेवलेलं पान उचललं, आणि स्वतःच्या हातानं छपरावर ठेवून आली. "परमुलखातली असली तरी बाळंतीण गेली बिचारी. उपाशी कशी ठिवायची," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत मला अजून एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी बाराला मशीन थांबली. आम्ही तिघी चुलीपाशी कान देऊन बसलो. काही वाजलं नाही. मी भिंतीला हात लावला, गार होती. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मला रडू आलं. माघात मायला मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. तोच आता माझ्याशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडतो.

माय शेवटची चार वर्षं माझ्याजवळ होती, जालन्यातच, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. गेल्याच्या गेल्या वर्षी तिच्या तपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी घरी येऊन तो कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला. तिला म्हटलं, काही नाही, अशक्तपणा आहे. सुनेला, भावाला, सगळ्यांना बजावलं, तोंड उघडायचं नाही. दहाएक दिवस गेले. एका दुपारी बाराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात एकटीच होते, कुकर नुकताच बंद केला होता, आणि भिंतीवर वाजलं. ठक्, ठक्.

मी तशीच हात ओले घेऊन मायच्या खोलीत गेले. ती पलंगावर पडून होती, दोन्ही हात गोधडीच्या आत, आणि तिचा पलंग खिडकीशी, त्या भिंतीपासून चांगला आठ हात लांब. तिनं माझ्याकडं बघितलं आणि जरा हसली.

"माझ्याकडं काय बघती? मी न्हाई वाजवलं," ती म्हणाली. "पण सांग आता."

मी कपाटातून कागद आणला, तिच्या पायाशी बसले आणि सगळा वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.  वाचून झाल्यावर तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "बाजारात अंबाडी आली का बघ. आन् नंदे, मीठ भाजीत नको टाकूस."